वाचकांचे प्रश्न : भारतीय अजगराचा शुद्ध वंश

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीसाठी जर्मनीत राहतो. इथे नियम पाळून घरी साप ठेवता येतात. एका ब्रीडरकडे भारतीय अजगराची जोडी आहे. ब्रह्मी (म्हणजे ब्रह्मदेशाकडच्या) अजगराशी अजिबात संकर न झालेली, सख्ख्या भावंडांची, असं तो सांगतो आणि त्यामुळेच किंमतही जास्त लावतो. आपल्या मातीतला हा वंश इथे जपावा असं मनापासून वाटतं. शुद्धता पडताळायची कशी? आणि भावंडांची जोडी लावली तर चालेल का?

उत्तर : आधी कागद मागा, साप नंतर बघा. साइटिस म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. भारतीय अजगर त्याच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे आणि ब्रह्मी अजगर परिशिष्ट २ मध्ये. त्यामुळे युरोपीय महासंघात भारतीय अजगराच्या खरेदी-विक्रीला प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पुढे बोलूच नका. पण प्रमाणपत्र आहे म्हणजे रक्त शुद्ध, असाही अर्थ काढू नका. साइटिसच्या नियमांनुसार मागच्या ४ पिढ्यांत परिशिष्ट १ मधला पूर्वज असेल, तर संकरित प्राण्यालाही तेच कडक नियम लागू होतात. तुम्हाला हवी ती माहिती ब्रीडरच्या वहीत असते : आई-बाप कोण, आजी-आजोबा कुठल्या मुलखातले, कोणत्या वर्षी कोणाकडून आले. तीन-चार पिढ्या मागे जाणारी अशी वही असेल तर त्या माणसाशी बोलण्यात अर्थ आहे.

हा गोंधळ झाला कसा, तेही सांगते. २००९ पर्यंत हे दोन्ही अजगर एकाच जातीच्या दोन उपजाती मानले जात. त्यांचा संकर सहज होतो आणि पिल्लंही प्रजननक्षम निघतात. सत्तरच्या दशकात भारतीय अजगराच्या व्यापारावर बंधनं आली, ब्रह्मी अजगर मात्र आग्नेय आशियातून येत राहिले. भारतीय मादीला जोडीदार मिळेना, की शेजारच्या पिंजऱ्यातला ब्रह्मी नर सोडला जाई. पुढची पिल्लं जरा फिकट दिसली की भारतीय म्हणून विकली जात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीत, पाळीव सापांतून सुटून पसरलेल्या अजगरांचा जनुकीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे ब्रह्मी समजल्या गेलेल्या सुमारे ४०० सापांपैकी १३ जणांत भारतीय अजगराची खूण सापडली.

आता प्रत्यक्ष साप. मी अजगर हातात घेतला की पहिल्यांदा डोळ्याखाली टॉर्च मारते. भारतीय अजगरात वरच्या ओठाचा एखादा खवला थेट डोळ्याला भिडतो. ब्रह्मी अजगरात ओठ आणि डोळा यांच्यामध्ये बारीक खवल्यांची एक ओळ असते. मग डोक्यावरचा बाणासारखा पट्टा पाहायचा : भारतीय अजगरात तो नाकाकडे जाताना पुसट होतो, ब्रह्मीत टोकापर्यंत ठळक राहतो. अंगाच्या कडेच्या डागांचा मध्य भारतीय अजगरात बहुधा फिकट असतो. फोटोवर विसंबू नका. डोक्याच्या दोन्ही बाजू पाहा, कारण संकरित सापात एका बाजूला खवला डोळ्याला भिडलेला आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होऊ शकतं. शिवाय सगळ्या खुणा जुळल्या तरी दोन-तीन पिढ्यांमागचा संकर नजरेला दिसेलच असं नाही.

जनुकीय तपासणी करून घ्या, पण नेमकी कोणती ते विचारा. मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जा देणाऱ्या भागाची) तपासणी फक्त आईकडचा वंश सांगते. आईची आई भारतीय असेल आणि बाप पूर्ण ब्रह्मी असेल, तरी त्या चाचणीत साप भारतीयच ठरेल. पेशीकेंद्रातल्या जनुकांची तपासणी सोबत हवीच.

भावंडांच्या जोडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लावू नका. शुद्धतेच्या हट्टापायी नात्यातल्या नात्यात पैदास करत गेलं की अंड्यातच मेलेली, वाकड्या कण्याची पिल्लं निघू लागतात आणि वंश आतून पोखरला जातो. स्वीडनमध्ये स्मिगेहुक इथे फुरशांच्या कुळातल्या अॅडर सापांची एक एकाकी वसाहत होती. मृत आणि व्यंग असलेली पिल्लं जन्मून ती संपायला आली होती. १९९२ मध्ये तिथे बाहेरून २० नर आणून सोडले, काही वर्षांनी ते काढूनही घेतले, आणि वसाहत सावरली. ते नर त्याच जातीचे होते, फक्त नात्यातले नव्हते. तुम्हालाही तेच हवं आहे : दोन्ही बाजूंनी भारतीय, पण वेगवेगळ्या घराण्यांतले नर-मादी. त्यासाठी एकट्याने जोडी घेऊन बसण्यापेक्षा नोंदी ठेवणाऱ्या इतर पाळणाऱ्यांशी आणि प्राणिसंग्रहालयांशी आधी ओळख करा. एखादा नर पैदाशीपुरता उसना मिळणं हे दोन महागड्या भावंडांपेक्षा मोलाचं आहे.

श्रीलंकेतल्या अजगरांना पूर्वी वेगळी उपजात मानत. आज बहुतेक अभ्यासक ते वेगळेपण मान्य करत नाहीत, तरीही मूळ मुलूख वहीत वेगळा लिहून ठेवा आणि शक्यतो मिसळू नका. एकदा मिसळलेलं परत निवडता येत नाही.

एवढं सगळं करूनही तुमच्या घरातला वंश भारतातल्या जंगलात सोडता येईल अशी आशा धरू नका. बंदिवासातल्या सापांतून विषाणू पसरण्याचा धोका मोठा असतो. तुमच्या कामाचा उपयोग वेगळा आहे. अस्सल, कागदोपत्री चोख पिल्लं रास्त मार्गाने मिळू लागली की चोरट्या मार्गाने आणलेल्या जंगली अजगरांची मागणी घटायला मदत होते. हे काम करण्यासारखं आहे, आणि ते वीस-पंचवीस वर्षांचं आहे. नोकरी बदलली, घर बदललं तरी तीन मीटरचा साप तुमच्याबरोबर असणार, याचा घरच्यांशी बसून विचार करा.

प्रश्न : आमच्या कोल्हापूर भागात विहिरीच्या कपारीत अजगराची मादी अंड्यांवर बसली आहे. त्यातली दोन पिल्लं पाळून अस्सल देशी वंश जपता येईल का?

उत्तर : नाही. तुमच्याकडे हा वंश रानात जिवंत आहे, त्याला घरात आणण्याची गरजच नाही. शिवाय भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. तो पकडला किंवा पाळला तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. अंडी हलवू नका. मादी त्यांना वेटोळं घालून बसते आणि थंडावा वाढला की अंगाचे स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. गर्दीने बिथरून ती उठून गेली तर अंडी गार पडतात. दोन-अडीच महिन्यांत पिल्लं निघतील. तोवर कुत्री आणि बघे लांब ठेवा, पंपाकडे जायला दुसरी वाट धरा आणि आजच वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.