दारू न घेणाऱ्या माणसाने लंडनच्या नदीकाठच्या पबमध्ये जावे का?

आपण लिहिले आहे की आपण नागपूरच्या, दारूला आयुष्यात कधी हात लावलेला नाही, पुढच्या महिन्यात मुलीकडे लंडनला चालला आहात, आणि तिच्या घराजवळ थेम्सच्या काठी असलेल्या एका जुन्या, तऱ्हेवाईक पबमध्ये आईला न्यायचेच असा तिचा हट्ट आहे. जावे का, आणि गेल्यावर तिथे करायचे काय, असा आपला प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की अवश्य जावे, आणि एकदा नव्हे, जमेल तितक्या वेळा जावे. मीही नागपूरचाच, पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेला. सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्ताने आम्ही नवरा-बायको तीन महिने लंडनच्या रॉदरहाइथ भागात मुलाकडे राहिलो. माझी पत्नी दारू घेत नाही आणि मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बिअर घेतो. तरीही त्या तीन महिन्यांत आम्ही तिथल्या ‘मेफ्लॉवर’ नावाच्या नदीकाठच्या पबमध्ये आठ-नऊ वेळा तरी गेलो असू, आणि प्रत्येक वेळी बेत पत्नीनेच ठरवला होता.

आपल्या मनातला संकोच मला पूर्ण समजतो, कारण तो माझ्याही मनात होता. आपल्याकडे ‘बार’ म्हटले की काळ्या काचांची परमिट रूम डोळ्यांसमोर येते, जिथे भर दुपारीही आत दिवे लावावे लागतात आणि घरच्या बायकामुलांना घेऊन जायचे तर ‘फॅमिली रूम’ची पाटी शोधावी लागते. आपल्या राज्यातला दारूविषयीचा कायदा १९४९ चा आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर प्रत्यक्षच दारूबंदी आहे. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला, शेजारपाजारचे लोक नातवंडांना आणि कुत्र्याला घेऊन संध्याकाळी पबमध्ये बसतात, हे ऐकून खरे वाटत नाही. पण पब हे ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचेच आखूड रूप आहे, म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर, आणि गल्लीतले लोक त्याला अजूनही तसेच वागवतात. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीवर ज्या हक्काने शेजारी येऊन टेकत असत, तो हक्क मला तिथे दिसला.

मेफ्लॉवरविषयी थोडे सांगतो, म्हणजे ‘तऱ्हेवाईक’ म्हणजे काय ते लक्षात येईल. १६२० साली ज्या जहाजातून इंग्लंडमधले धर्मनिष्ठ लोक अमेरिकेत जाऊन वसले, त्या ‘मेफ्लॉवर’ जहाजाचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स रॉदरहाइथचाच रहिवासी होता. १६२२ मध्ये तो वारला आणि पबसमोरच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला पुरले. पबला हे नाव मात्र १९५७ मध्ये मिळाले. त्या जागेवर सोळाव्या शतकापासून मद्यगृह होते असे सांगतात. थेम्सवरचे अनेक पब आपणच सर्वांत जुने असल्याचे सांगतात, म्हणून असे दावे थोडे राखूनच ऐकावेत असे मला वाटते. इमारतींची डागडुजी आणि फेरबांधणी वेळोवेळी झालेलीच असते. पण आत शिरल्यावर त्या तपशिलाची फारशी आठवण राहत नाही. बुटके छत, काळपट लाकडी तुळया, चालताना जाणवणारा जमिनीचा उतार, टेबलावर मेणबत्ती. ब्रिटनची आणि अमेरिकेची टपाल तिकिटे विकण्याची या पबची जुनी परंपरा आहे. पूर्वी बोटींवरच्या खलाशांची त्यामुळे सोय होत असे. त्या जहाजातल्या प्रवाशांचे वंशज इथे येतात, तेव्हा त्यांना सही करण्यासाठी एक वहीही ठेवलेली आहे.

मला तिथे ज्या गोष्टीने धरून ठेवले ती मात्र मागच्या बाजूला आहे. पबच्या पाठीमागे नदीवर खांब रोवून फळ्यांचा मचाण बांधला आहे आणि त्यावर बाकडी मांडली आहेत. आपण फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या पाळीवर बसून मोठे झालेलो. आपले पाणी आषाढ-श्रावणात चढते आणि वैशाखात तळाला जाते, वर्षाला एकच फेरी. लंडनमध्ये समुद्राची भरती थेम्समधून शहराच्या मध्यापर्यंत येते, दिवसातून दोनदा, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत पातळीत सहा-सात मीटरपर्यंत फरक पडतो. दोन मजली घराएवढे पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते. आयुष्यभर धरणांच्या पातळ्यांच्या नोंदी ठेवलेल्या माणसाला हे पाहायला मिळणे ही केवढी पर्वणी! पहिल्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा मचाणाखाली नुसते दगडगोटे, विटांचे तुकडे आणि चिखल होता. दोन तासांनी पत्नीने मला कोपराने खुणावले आणि पायांखालची फट दाखवली: फळ्यांच्या मधून तांबूस-करडे पाणी हलताना दिसत होते. तेवढ्यात नदीतून पोलिसांची मोटरबोट गेली, क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग तिची लाट येऊन खांबांवर आदळली, तशी बाकासकट टेबलावरची चहाची किटली थरथरली. समोरच्या काठावर, वॉपिंगला, नदी पोलिसांचे ठाणे आहे. १७९८ पासून ते तिथे आहेत. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

थंडी असेल तर आतली जागाही तितकीच चांगली. एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ शब्दकोडे सोडवत बसले होते आणि त्यांचा म्हातारा कुत्रा माझ्या बुटांवर हनुवटी टेकून झोपला होता. काउंटरवरच्या बाईंनी त्या गृहस्थांनी न मागताच अर्धा ग्लास भरून त्यांच्यासमोर आणून ठेवला, कोड्यात वाकून पाहिले आणि एक शब्द सुचवला. त्यांनी तो लिहिला, मग खोडला, आणि दोघेही हसले. ते गृहस्थ रोज तेवढा एक अर्धा ग्लास घेतात आणि दीड-दोन तास बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. आपल्याकडे एका चहावर एवढा वेळ बसू देणारी ठिकाणे मला बोटांवर मोजण्याइतकीच आठवतात.

आता रीतभात, कारण ती माहीत नसली की मनाला उगीच लागते. सुरुवातीला एका दुसऱ्याच पबमध्ये आम्ही वीस मिनिटे टेबलाशी बसून राहिलो आणि कोणीही विचारायला आले नाही. आपल्या रंगामुळे तर नाही ना, अशी शंका पत्नीने बोलून दाखवली, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. शेजारच्या एका बाईंनी आपणहून येऊन सांगितले की इथे काउंटरवर जाऊन मागायचे, पैसे तिथेच द्यायचे आणि पेय आपणच उचलून आणायचे. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण कोण आधी आले हे आत उभ्या असलेल्या माणसाच्या बरोबर लक्षात असते. म्हणून हात हलवू नये, हाक मारू नये, नुसते नजरेच्या टप्प्यात उभे राहावे. काउंटरवर टीप द्यावी लागत नाही. कार्ड जवळ ठेवा, कारण काही ठिकाणी रोख घेतच नाहीत. मुलीचे मित्रमैत्रिणी बरोबर असतील तर ‘राउंड’ची पद्धत लक्षात ठेवा: एकाने सर्वांसाठी आणायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आपण लिंबू सरबत पीत असलात तरी आपली पाळी आपण घ्यावी. ते फार आवडते लोकांना. धुराची भीती बाळगू नका, इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून पबच्या आत धूम्रपानाला बंदी आहे.

प्यायला काय मागावे, हा आपला खरा प्रश्न असणार. चहा-कॉफी बहुतेक ठिकाणी मिळते. ‘लाइम अँड सोडा’ सर्वत्र मिळतो आणि स्वस्त असतो. आल्याच्या चवीची ‘जिंजर बिअर’ नावाने बिअर असली तरी सहसा बिनदारूची असते, पण एकदा विचारून घ्यावे. खरी सावधगिरी ‘सायडर’बाबत हवी: नाव ऐकून सफरचंदाचा रस वाटतो, पण ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे आंबवलेले, नशा आणणारे पेय. ‘शँडी’तही बिअर असतेच. आपण शाकाहारी असाल तर मेनूवर तशी खूण असते, तरी बटाट्याचे चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हे निःसंकोच विचारा. राग कोणी धरत नाही. खजूर घालून केलेले ‘स्टिकी टॉफी पुडिंग’ मात्र चुकवू नका. माझ्या पत्नीने नागपुरात परतल्यावर ते दोनदा करून पाहिले आहे.

बरोबर जावई किंवा यजमान असतील आणि त्यांना चव घ्यायची असेल, तर बाटलीतली बिअर न मागता हातपंपाने काढलेली ‘कास्क एल’ मागायला सांगा. ती पिंपातच शेवटची आंबते, तिच्यात वरून वायू भरत नाहीत, आणि पिंप उघडले की दोन-तीन दिवसांत संपवावे लागते, म्हणून ती नीट राखणे हे पबवाल्याचे कसब मानतात. तळघराच्या, म्हणजे ११ ते १३ अंशांच्या गारव्यात ती देतात, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात बर्फगार प्यायची सवय असलेल्याला ती कोमट वाटेल. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो; अर्धा मागितला तरी चालतो.

रॉदरहाइथला गेलात तर आणखी एक गोष्ट करा. पबपासून दोन-तीन मिनिटांवर थेम्सखालचा बोगदा आहे, जहाजे चालणाऱ्या नदीखालून काढलेला जगातला पहिला. मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये तो खणायला घेतला, त्यांचा मुलगा इझंबार्ड त्यांच्या हाताखाली होता, नदी अनेकदा आत फुटली, माणसे दगावली, आणि १८४३ मध्ये तो खुला झाला. १८६९ पासून त्यातून रेल्वे धावते. आपल्या नागपूरला रेल्वे आली ती १८६७ मध्ये, म्हणजे त्याच काळात. आजही रॉदरहाइथला गाडीत बसले की त्याच बोगद्यातून पुढचेच स्टेशन वॉपिंग येते, आणि तिथे ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी’ हा दुसरा जुना नदीकाठचा पब आहे. तो प्रसिद्ध असल्याने गर्दीचा. मला मेफ्लॉवरच अधिक भावला.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार-रविवार टाळा. कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जागा मिळते. लंडनच्या बंदर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर भरतीच्या वेळा दिलेल्या असतात. मुलीला त्या पाहायला सांगा आणि पूर्ण भरतीच्या बरेच आधी पोहोचा, म्हणजे रिकामा किनाराही दिसेल आणि पाणी चढतानाही. जूनमध्येही शाल बरोबर असू द्या, नदीवरचा वारा अंगाला झोंबतो. मचाणावर काठाकडचे बाकडे मिळाले तर सोडू नका, आणि निघताना आपला रिकामा कप काउंटरवर नेऊन ठेवा. त्या बाई मान वर करून पाहतात, आणि दुसऱ्या खेपेला आपल्याला ओळखतात.