जिप्सी कापून पिकअप केली, आता आरटीओची नोटीस आली आहे

प्रश्न : वकीलसाहेब, मी चोपडा तालुक्यातला, अडावदजवळचा केळी उत्पादक. चार वर्षांपूर्वी मामांकडून त्यांची 2009 ची पेट्रोल जिप्सी घेतली. पैसे दिले, पण आरसी अजून मामांच्याच नावावर आहे. पावसाळ्यात आमच्या वावरात पिकअप फसते, जिप्सी निघते. म्हणून यंदा शालकानं घरीच मागची बाकडी आणि वरचं हूड काढलं, बॉडी कापली आणि अँगल-पत्र्याचा हौदा बसवला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. दीड महिना केळी, खत, ठिबकच्या नळ्या सगळं वाहिलं. गेल्या आठवड्यात आरटीओच्या वायुवेग पथकानं अडवलं, मेमो दिला आणि आता मामांच्या पत्त्यावर नोटीस गेली आहे : नोंदणी निलंबित का करू नये, सात दिवसांत खुलासा करा. ‘मनी गाडी, मनं वावर, मनाच माल’ (माझी गाडी, माझं वावर, माझाच माल), मग गुन्हा कसला? एक एजंट आरसीवर ‘पिकअप’ चढवून देतो म्हणतो. काय करू?

उत्तर : भाऊ, तुम्ही पाठवलेले सगळे फोटो नीट पाहिले. काम हलकं नाही. कोपऱ्यात तिरके आधार दिलेत, फाळक्याला दोन्ही बाजूंनी कड्या आहेत. ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे. हे मी आधीच म्हणतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की वकिलाला शेतकऱ्याची अडचण कळत नाही. कळते. काळ्या मातीत जुलैच्या पावसात चाक रुतलं की घड बांधावर कसे पिकून जातात, हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

तरीही आधी नको असलेलंच उत्तर देतो. ही गाडी पिकअप म्हणून पास होणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. वाचवायची असेल तर जिप्सी वाचवता येईल, आणि त्यासाठी तुमच्या हातात सातच दिवस आहेत.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. पूर्वी यात पळवाटा निघत. केरळातून एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 9 जानेवारी 2019 ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी ती दारं बंद केली. कंपनीनं ज्या रचनेला मंजुरी घेतली, तिच्या विरुद्ध जाणारा रचनेतला बदल आरटीओलासुद्धा मान्य करता येत नाही, असं ते निकालपत्र सांगतं. म्हणजे तुम्ही आधी परवानगी मागितली असती तरी ती मिळाली नसती. ‘साहेबांनी मुद्दाम अडवलं’ हा राग मनातून काढून टाका, खुलाशात त्याची सावलीही नको.

‘मग सीएनजी किट बसवतात ते कसं चालतं?’ असं तुम्ही नक्की विचाराल. इंधन बदलायच्या किटसाठी कायद्यातच वेगळी सोय आहे, आणि ते किट आधी तपासणी संस्थेकडून मंजूर झालेलं असतं. प्रत्येक नवं मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा अशीच एखादी मान्यताप्राप्त संस्था त्याचे ब्रेक, वजन, दिवे तपासते. जिप्सी अशा चाचण्यांतून प्रवासी गाडी म्हणून गेली. ऑस्ट्रेलियात सुझुकीनं याच जातीच्या गाडीची कंपनीतूनच पिकअप विकली हे खरं आहे, आणि जिप्सीचा शिडीसारखा चेसिस पाहून तुमच्या शालकाला तीच कल्पना सुचली असणार. पण आपल्याकडे ती मंजुरी कोणी घेतली नाही, आणि घराच्या अंगणात ती घेता येत नाही.

आता तुमच्या तीन ओळी घेऊ.

‘मनं वावर.’ गाडी फक्त शेतात फिरवली तर कायदा लागू नाही, असा समज आपल्या भागात फार पक्का आहे. कलम 39 चे शब्द मात्र ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असे आहेत. कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच वापरायला खास बनवलेल्या वाहनाला कायदा सोडतो. केळीची उघडी बाग बंदिस्त आवार आहे का, यावर वाद घालता येईल, पण तुम्हाला तो वाद घालायला जागाच नाही. तुम्ही अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर सापडलात.

‘मनाच माल.’ भाडं घेतलं नाही म्हणजे मालवाहतूक नाही, असं नसतं. कलम 2 मधली मालवाहू वाहनाची व्याख्या इतकी रुंद आहे की मालासाठी न बनवलेली गाडीही मालासाठी वापरली की त्यात येते, आणि त्या व्याख्येत भाड्याचा शब्दच नाही. जिप्सीत फवारणीचा पंप आणि दोन पोती टाकून कोणी गेलं तर सहसा कोणी अडवत नाही. हौदा लावून रोज घड वाहणं ही वेगळी गोष्ट आहे. एक दिलासा असा की परमिटचं कलम तुमच्यावर लावलं असेल तर ते टिकणार नाही. 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, असं कलम 66 मध्येच लिहिलं आहे. मेमो पुन्हा वाचा. त्यावर 192अ असेल तर खुलाशात हा मुद्दा ठामपणे घ्या. लायसन्सचीही काळजी नको : हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला कायम केलं आहे.

आणि ‘मनी गाडी’. भाऊ, इथेच तुमचं सगळ्यात जास्त चुकलं. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या अंगणात उभी असते, हे तिथे विचारलं जात नाही. सुप्रीम कोर्टानं 2018 साली हेच पुन्हा सांगितलं. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवायचं असतं. तुम्ही दोघांनीही चार वर्षं कळवलं नाही. परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला कलम 182अ च्या पोटकलम 4 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घ्या : छत, बॉडी, चेसिसला मारलेले अँगल वेगवेगळे मोजले जाऊ शकतात. कागदावर हे सगळं मामांच्या अंगावर येतं, ज्यांनी कटरला हातही लावला नाही. नोटीस हातात पडून ते घाबरले असतील. हा लेख वाचून झाल्यावर पहिला फोन त्यांना करा.

तुमच्या तिसऱ्या फोटोवर मी थांबलो. त्यात हौद्यात घडांच्या वर चार बाया आणि एक मुलगा बसले आहेत. तुम्ही तो फोटो हौद्याची मजबुती दाखवायला पाठवलात.

14-15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्री किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले किमान पंधरा मजूर गेले. किनगाव तुमच्यापासून किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, त्याच रस्त्यावर आहे. तुमच्या गाडीवरचा विमा खासगी मोटारीचा आहे. मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2002 सालीच ठरवलं. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला कंपनीनं भरपाई दिली तरी नंतर ती तुमच्याकडून किंवा मामांकडून वसूल करायला उभी राहू शकते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा तर बहुतेक फेटाळलाच जाईल, कारण बदल कळवलेला नाही. वजनाचंही तसंच. वीस-पंचवीस किलोचे तीस घड म्हणजे सहा-सातशे किलो, त्यावर पाच माणसं, आणि हे सगळं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर. आरसीवर रिकाम्या गाडीचं एक वजन छापलेलं असतं. कलम 113 नुसार रिकामी गाडी त्याहून जड निघाली तरी तो भंग आहे, म्हणजे तुमचा हौदा रिकामा असतानाही गाडी काट्यावर अडकू शकते. भार जास्त निघाला तर दंड 20,000 पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. पण दंडाचं सोडा. हौदा निघेपर्यंतसुद्धा त्यात माणूस बसवू नका. ही माझी विनंती आहे आणि वकील म्हणून सल्लाही हाच.

एजंटकडे जाऊ नका. चुकीच्या कागदांवर मिळवलेली नोंदणी कलम 55 खाली रद्दच होते, निलंबित नाही. शिवाय आज तुमच्यावर तडजोड शुल्क भरून मिटणारा मामला आहे. बनावट कागद दाखल झाला की भारतीय न्याय संहितेखालचा बनावटगिरीचा गुन्हा होतो, आणि त्यात जामिनासाठी धावपळ मामांची होणार.

मग करायचं काय. आजच हौदा उतरवायला घ्या. काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो, काढताना फोटो, नंतरचे फोटो, तारखेसकट. बाकडी, हूड आणि त्याचे पाइप शालकानं भंगारात दिले नसतील अशी आशा आहे. दिले असतील तर जुन्या जिप्सीचे भाग मिळतात, बिल घेऊनच घ्या. कापलेल्या बॉडीचं काम मात्र घरी नको. नोंदणीकृत गॅरेजमध्ये करा, त्याचं बिल हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. चेसिसवर मारलेले वेल्डचे टाके घासताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा : ग्राइंडर चेसिस नंबरच्या आसपास जाता कामा नये. त्या जागेवर आधी जाड पत्रा बांधा. नंबरातला एक आकडा जरी पुसला गेला, तर आरसीशी नंबर जुळत नाही म्हणून गाडीच संशयाची होते, आणि मग तुमची सगळी कबुली वाया जाते.

सात दिवसांत काम पूर्ण होणार नाही, हे मलाही दिसतं. म्हणून खुलासा वेळेत द्या आणि त्यातच मुदत मागा. खुलासा मामांच्या सहीनं जाईल, सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र : गाडी चार वर्षांपासून माझ्या ताब्यात आहे, बदल मी करवला, मामांना माहिती नव्हती, हौदा काढला आहे, गाडी मूळ स्थितीत आणण्यासाठी तीस दिवस मिळावेत, त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणी करावी. खरं लिहा. ‘हौदा तात्पुरता ठेवला होता’ असलं काही लिहू नका, पथकानं फोटो काढले आहेत. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सुनावणीला मामांना सोबत न्या. ते येऊ शकत नसतील तर त्यांचं अधिकारपत्र. निलंबनाचा आदेश झालाच, तर कलम 57 खाली आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. गाडी तुमच्या नावावर करायचा अर्ज तपासणी पार पडल्यावर, त्याआधी नाही. मध्येच नाव फिरवलं तर अंग काढून घेतल्यासारखं दिसतं.

वाहतुकीचा प्रश्न तरी राहतोच. माझ्या ओळखीचे कांदेबागवाले केळी उत्पादक करतात ते असं : बागेतून पक्क्या रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, पुढे जुना छोटा हत्ती. त्याला दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पासिंग लागतं, पण परमिट नाही, आणि तुमचं लायसन्स चालतं. चिखलातूनच भरून काढायचं असेल तर फोर बाय फोर पिकअप कंपनीतूनच मिळते, जुन्या बाजारातही दिसते. मूळ रूपात आलेल्या जिप्सीला शौकीन लोक चांगले पैसे देतात. कापलेलीला भंगारवाला देईल तेवढेच.

शेवटी शालकाचं. तुम्ही सहज लिहून गेलात की हौदा पाहून गावातल्या आणखी तिघांनी त्याला तसंच काम सांगितलं आहे आणि एकानं ॲडव्हान्सही दिला आहे. या कायद्यात ‘डीलर’ म्हणजे फक्त शोरूमवाला नाही. चेसिसवर बॉडी बांधणारा आणि गाड्या दुरुस्त करणाराही त्यात येतो. नियमाबाहेर गाडी बदलून देणाऱ्या डीलरला कलम 182अ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. तुमचं काम घरातलं म्हणून त्याला वाचवता येईल. पैसे घेऊन केलेल्या दुसऱ्या गाडीत मला ते म्हणता येणार नाही. त्याला आजच सांगा, ॲडव्हान्स परत कर, आणि त्या तिघांनाही कारण सांगून परत पाठव.