रोइंग मशीनचा लिव्हर १० वर ठेवला तर जास्त कॅलरी जळतात का? आणि मशीन दाखवतं त्या कॅलरी खऱ्या असतात का?

१० वर ठेवून काही जास्त जळत नाही. मी पण पहिले तीन महिने तेच केलं, विजापूर रोडला आमच्या जिममध्ये शिरलं की लिव्हर खटकन १० वर आणि तासाभराने कंबर धरून घरी.

तो लिव्हर म्हणजे वजन नाही हो. पंख्याच्या जाळीत हवा किती शिरू द्यायची एवढंच तो ठरवतो. हवा जास्त शिरली की पंखा लवकर मंदावतो, मग पुढची ओढ जड लागते, सायकल टॉप गियरमध्ये चढावर घातल्यासारखं. पण मॉनिटर (मी कन्सेप्ट२ कंपनीच्या मशीनचं बोलतोय, बाकीच्यांचं माहीत नाही) दोन ओढींच्या मधे पंखा किती मंदावला ते दर वेळी मोजतो आणि त्यावरून तुमची खरी ताकद काढतो. पंख्याच्या ह्या मंदावण्याच्या आकड्यालाच ड्रॅग फॅक्टर म्हणतात, मेनूत बघता येतो. आमच्याकडे १० वर असून फक्त ११५ आला, मी म्हटलं मशीन बिघडलं की काय, कव्हर उघडलं तर आत जाळीवर धुळीचा नुसता थर, सोलापूरची धूळ ती, गोधडीच झालेली! व्हॅक्यूम मारल्यावर तेवढाच आकडा ४ वर यायला लागला.

बघायचंच तर ५०० मीटरचा टाइम बघा, नाहीतर वॉट. २:३० ला साधारण १०४ वॉट लागतात आणि २:०० ला २०३, म्हणजे ३० सेकंद कमी करायला ताकद जवळजवळ डबल. हवेचं तसंच असतं, वेग वाढला की ताकद घनाच्या पटीत मागते, म्हणून शेवटची पाच सेकंद काढताना जीव जातो.

आता कॅलरी. वॉट मोजलेले असतात, कॅलरी त्यावरून अंदाजाने काढलेल्या. त्यात नुसतं अंग पुढेमागे हलवायच्या तासाला ३०० आधीच धरलेल्या असतात, आणि त्यासाठी माणूस साधारण ७९ किलोचा धरलेला असतो. १०४ वॉटने २० मिनिटं मारलीत की २१९ दिसतील, त्यातल्या १०० ह्या ३०० च्या हिशोबातल्या. माझं वजन ६१, त्यामुळे माझ्या खऱ्या कॅलरी स्क्रीनपेक्षा कमीच. तेवढ्यावर घरी येऊन शेंगा चटणी-भाकरी जादा हाणू नका, मी हाणली आहे.