माशीवर हात उगारला की ती आधीच कशी उडते? एवढासा मेंदू एवढे वेगवान पंख कसे सांभाळतो?

प्रत्येक फडफडीचा हुकूम मेंदू देतच नाही, खरी मेख तिथे आहे.

फळमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारते. दर फटक्याला वेगळा संदेश धाडत बसणं चेतापेशींना झेपणारं नाही. म्हणून उडण्याची ताकद देणारे मोठे स्नायू पंखांना जोडलेलेच नसतात. ते छातीचं कवच दाबतात नि सोडतात, त्या हेलकाव्याने पंख वरखाली होतात. एक स्नायू आखडला की दुसरा ताणला जातो आणि ताण बसला की तोही आखडतो. अधूनमधून संदेश येत राहिले की हे चक्र चालू राहतं. वळायचं काम पंखांच्या बुडाशी असलेल्या चिमुकल्या स्नायूंचं.

तोल सांभाळणारा अवयव तर मला सगळ्यात सुंदर वाटतो. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी गोळा लावलेल्या दोन दांड्या असतात, त्यांना हॉल्टिअर म्हणतात. त्या पंखांसोबत थरथरतात. अंग जरा कलंडलं की बुडाशी असलेल्या संवेदकांना ते कळतं आणि निरोप मेंदूमार्गे न फिरता थेट वळणाच्या स्नायूंच्या चेतापेशींकडे जातो. मोठ्या डासासारखी दिसणारी लांब पायांची क्रेन फ्लाय भिंतीवर बसली की या दांड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिथून हललोच नाही.

मग मेंदूकडे काय उरतं? निर्णय. फळमाशीच्या मेंदूत जवळपास १,४०,००० चेतापेशी आहेत, पण त्यातल्या साधारण १,३०० च मानेतून खाली छातीकडे आज्ञा नेतात. तुमचा हात तिच्या डोळ्यांत झपाट्याने मोठा होत जातो, हीच धोक्याची खूण. धोका अगदी अंगावर आला तर एक जाड, जलद चेतातंतू थेट उडीची आज्ञा देतो आणि काही मिलिसेकंदांत ती हवेत असते. थोडा अवधी मिळाला तर मात्र ती आधी पवित्रा घेते. २००८ साली फळमाश्यांवर वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं गेलं: उडीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीच पाय जागा बदलू लागतात, तेही धोका कुठून येतोय ते पाहून.

मोबाइलच्या स्लो मोशनवर बसलेल्या माशीकडे समोरून हळूहळू हात नेऊन बघा. मधले पाय पुढे सरकताना, अंग मागे रेलताना दिसेल, आणि मग ती तुमच्यापासून लांब, मागच्या बाजूला झेपावेल.