विद्यापीठाची जुनी इमारत संशोधन केंद्रासाठी वापरावी, की पाडून नवी बांधावी?

तुमचा प्रश्न असा, की साठेक वर्षं जुनी, वर्गखोल्यांची इमारत पाच-सहा विभागांच्या एकत्र संशोधनासाठी वापरता येईल का. सांगाडा धड असेल तर खुशाल वापरा. सिमेंट आणि लोखंड सर्वांत जास्त जातं ते पाया, कॉलम आणि स्लॅबमध्ये, आणि ते तुमच्याकडे आयतं उभं आहे. ते पाडून नव्या इमारतीवर सोलर पॅनेल चढवायचे आणि तिला ‘ग्रीन’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी आर्किटेक्ट आहे. अशा वेळी मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा दाखला देतो. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागाची 13 मजली इमारत 13 मे 2008 रोजी जळाली. कारण काय, तर पाणी गळून कॉफी मशीनमध्ये शॉर्टसर्किट! जीवितहानी झाली नाही. काही दिवस तंबूंत काढल्यावर विभाग विद्यापीठाच्या लाल विटांच्या जुन्या मुख्य इमारतीत गेला. ती मुळात रसायनशास्त्रासाठी बांधायला घेतलेली. वर्षभरात तिचं रूप पालटलं. इमारतीच्या आतल्या दोन चौकांवर काचेचं छप्पर टाकलं. एकाखाली मॉडेल बनवायची कार्यशाळा आली, दुसऱ्यात भडक नारिंगी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून व्याख्यान ऐकता येतं आणि त्यांच्या पोटात बैठकीच्या खोल्या आहेत. लांबच लांब कॉरिडॉर गावातल्या हमरस्त्यासारखे वापरात राहिले.

यातून घ्यायचं ते इतकंच: सगळ्या भिंती पाडून एक मोठा हॉल केला म्हणजे लोक एकत्र काम करतात, असं नाही. जाता-येता सगळ्यांना ओलांडावी लागेल अशी एक जागा लागते. डेल्फ्टमध्ये ठरलेली टेबलंही गेली, जागा वाटून वापरायची. आपल्याकडे प्राध्यापकांची केबिन काढून घेणं भिंत पाडण्यापेक्षा अवघड, तेव्हा त्याची बोलणी नकाशाच्या आधी उरका.

काचेच्या छताची नक्कल मात्र नको, आपल्या उन्हात त्याची भट्टी होईल. तुमच्या इमारतीला व्हरांडा असेल तर त्याला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लावून बंद करू नका. सावली आणि आरपार वारा तिथूनच मिळतो. बसायच्या, चर्चेच्या जागा त्याला लागून ठेवा.

रसायनांच्या प्रयोगशाळा मात्र विखरू देऊ नका. फ्यूम हूड, म्हणजे प्रयोगातल्या घातक वाफा ओढून घेणारं कपाट, खोलीतली थंड केलेली हवा सतत बाहेर फेकतो, म्हणजे एसीचं बिल धुराड्यातून जातं. त्या सगळ्या प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर एका बाजूला घ्या, म्हणजे ही हवा नेणारे डक्ट सरळ गच्चीवर निघतील आणि खालच्या मजल्यांची उंची खाणार नाहीत. वजनाचं म्हणाल, तर आपल्या आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, वर्गखोली आणि प्रयोगशाळा दोन्हींसाठी चौरस मीटरला साधारण 300 किलोच धरतात. जड यंत्रं असतील तर तळमजला.

या सगळ्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट. नुसता हातोडा मारून आकडे लिहिणारा नको. कॉलमचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाकायला सांगा. काँक्रीट गुलाबी झालं तर आतल्या सळईला अजून संरक्षण आहे. रंग न चढलेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर गंज धरायला वाट मोकळी. कॉलम मोठ्या संख्येने असे निघाले आणि भूकंपाचं गणितही बसत नसेल, तर पाडायचा विचार करा.