चूक आधी ठरव, पर्याय मागाहून

प्रिय पोरी,

तुझी एक्सेल शीट काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी बरोबर उत्तराचा रकाना. किती जागली असशील ते दिसतंय. पण तुझा प्रश्न आहे, "मॅडम, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीच्या सराव परीक्षेला निगेटिव्ह, म्हणजे चुकीच्या उत्तराला वजा गुण, ठेवू का? संचालक म्हणतात ठेवा, पोरं तुक्के मारतात." त्याचं उत्तर देते, पण आधी तुझा सतरावा प्रश्न उघड.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावला, मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, थांबेपर्यंत अंतर किती? उत्तर ४० मीटर. बाकीचे पर्याय तू दिलेस ३८, ४२ आणि ४५. आता मला सांग, ४२ वर कुठलं पोर येईल? काय चुकलं म्हणजे ४२ येतं? काहीही चुकलं तरी येत नाही. ते आकडे तू जागा भरायला टाकलेस.

वेगाचं रूपांतर विसरलेलं पोर ७२ चा वर्ग करून दहाने भागेल, त्याला ५१८.४ मिळेल. सूत्रातला दोन विसरलेलं ८० वर येईल. अंतराऐवजी वेळ काढून मोकळं झालेलं ४ वर खूण करेल. हे तीन पर्याय मी पुस्तकातून काढलेले नाहीत. वर्षानुवर्षं बाकांवरून फिरताना वह्यांमध्ये पाहिलेत. पोराने ८० निवडलं तर त्याला सूत्र पुन्हा द्यायचं, ५१८.४ निवडलं तर एककं. ४२ निवडलं तर तू त्याला काय सांगणार? "अजून अभ्यास कर"? ते तर त्याची आई रोज सांगते.

म्हणून म्हणते, चूक आधी ठरव, पर्याय मागाहून लिही.

हे मला उशिरा कळलं, आणि एका मुलीला त्याची किंमत मोजावी लागली. मी तेव्हा एका क्लासमध्ये पेपर सेट करायचे. अंकी उत्तराचा प्रश्न होता, मी कीमध्ये, म्हणजे उत्तरतालिकेत, ०.३३३ भरलं आणि पुढे गेले. किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचं हे प्रश्नात नव्हतं, कीमध्ये मर्यादा नव्हती. तिने ०.३३ लिहिलं. संगणकाने चूक दाखवली. ती स्क्रीन घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी न बघताच म्हणाले, "आकडेमोड तपास." तिने घरी जाऊन तेच उदाहरण चार वेळा केलं. चारही वेळा बरोबर केलं, आणि चारही वेळा तिला वाटलं की आपलंच चुकतंय. आठवड्याने वही घेऊन आली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. गेट या एम.टेक. प्रवेशपरीक्षेच्या उत्तरतालिकेत अंकी उत्तराला 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी मर्यादा दिलेली असते, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं नाही. ०.३३ ही चूक मानायची की नाही, हे मी ठरवलंच नव्हतं.

आता निगेटिव्ह. सीईटी २०१९ पासून संगणकावर होते आणि तिला वजा गुण नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे, ९० मिनिटं. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, पुन्हा ९० मिनिटं. तिथे प्रश्न रिकामा सोडणं हीच चूक आहे. सरावात तू वजा गुण लावलेस तर पोरं सहा महिने सोडून द्यायला शिकतील आणि खऱ्या परीक्षेत हात आखडतील. जेईई मेनचा हिशेब वेगळा: बरोबरला ४, चुकीला वजा १. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे झाकून ठोकले तर सरासरी एक लागतो, तीन जातात, तरी एक गुण उरतो. गेटमध्ये एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला वजा एक तृतीयांश. तोच हिशेब तिथे शून्यावर येतो. परीक्षा बदलली की 'चूक' या शब्दाचा अर्थ बदलतो. तो आधी ठरव, मग गुण भर.

तुक्के पकडायचे असतील तर वजा गुणांची गरज नाही. निकालानंतर प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते बघ. तुक्के असतील तर खुणा साधारण सगळीकडे विखुरतात. अर्धा वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेला असेल तर दोनच शक्यता: शिकवताना काही राहिलंय, नाहीतर उत्तरतालिका चुकलीय. दोन्ही वेळा दोष आपला, पोरांचा नाही.

याच गोष्टीवरून मी तो क्लास सोडला, हे तू ऐकलं असशील. "मॅडम हट्टी आहेत, पेपर वेळेत देत नाहीत," असं सांगतात. नाही दिले वेळेत. एका प्रश्नाला अर्धा तास लागायचा, कारण तीन चुका शोधाव्या लागायच्या. त्यांना रँक लावायला पेपर हवा होता, मला पोराला कुठे अडलंय ते बघायला. मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. पेपरांबद्दल मात्र आजही माघार घेणार नाही.

रविवारपर्यंत शीटमध्ये एक रकाना वाढव. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर लिही, या पोराने काय केलं. लिहिता आलं नाही तर तो पर्याय उडव. 'वरीलपैकी सर्व' नऊ ठिकाणी आहे, तेही काढ. संगणक पर्यायांची अदलाबदल करतो, मग ते पहिल्या क्रमांकावर येतं आणि पोर 'वरील' काय ते शोधत बसतं. संचालकांशी वाद घालू नकोस, सीईटीची गुणपद्धत छापून त्यांच्यासमोर ठेव. सतरावा मी दुरुस्त करून पाठवलाय. उरलेले ४९ तू कर.

तुझी,
मॅडम