युक्रेनमधलं २०१४ चं आंदोलन लोकांचं होतं की अमेरिकेने पैसे देऊन घडवलेलं?

प्रश्नाच्या तपशिलात ‘अमेरिकेने पाच अब्ज डॉलर ओतले’ असं लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. अमेरिकेच्या तेव्हाच्या सहाय्यक परराष्ट्रमंत्री व्हिक्टोरिया नुलँड यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलेला तो आकडा १९९१ पासूनच्या सगळ्या मदतीचा आहे, एका हिवाळ्याचा नव्हे. त्याच महिन्यात मॉस्कोने एका बैठकीत १५ अब्ज देऊ केले, ते मात्र फॉरवर्डमधून गळतात.

खरी गोम गॅसच्या बिलात होती. रशियाशी झालेल्या २००९ च्या करारात मूळ दर हजार घनमीटरला ४५० डॉलर, पुढे तेलाच्या भावाप्रमाणे वरखाली. २०१० मध्ये युक्रेनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी त्यावर १०० डॉलरपर्यंत सूट मिळवली आणि बदल्यात क्रिमियातल्या सेवास्तोपोलचा रशियन नौदल तळ २०१७ ऐवजी २०४२ पर्यंत लिहून दिला. तरी २०१३ मध्ये दर ४०० च्या आसपासच. घरगुती गॅस सरकार त्याहून कितीतरी स्वस्त विकणार आणि खड्डा तिजोरीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणे, आधी घरगुती दर वाढवा, मग कर्ज. निवडणूक २०१५ मध्ये, दर वाढवतोय कोण? त्यात ऑगस्टमध्ये रशियाने युक्रेनचा माल सीमेवर अडवून चुणूक दाखवलीच होती. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चाललेला गडी २१ नोव्हेंबरला युरोपीय संघाच्या करारावरून मागे फिरला.

मॉस्कोच्या त्या बैठकीत, १७ डिसेंबरला, गॅस २६८.५ डॉलरवर आला, पण दर तिमाहीला नव्याने ठरवायचा, म्हणजे दोरी रशियाच्याच हातात. १५ अब्जांच्या कर्जाचा पहिला हप्ता ३ अब्जांचा, दोन वर्षांचे रोखे, व्याज ५ टक्के. त्यात एक कलम होतं: सरकारी कर्ज जीडीपीच्या ६० टक्क्यांवर गेलं की पैसे मुदतीआधी परत मागता येतील. कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये, त्यामुळे युक्रेनचं चलन रिव्हन्या घसरलं की नवं कर्ज न काढताही हे प्रमाण चढतं. देश सगळ्यात अडचणीत असतानाच सावकार दारात! एप्रिल २०१४ मध्ये गॅस तीन दिवसांत आधी ३८५.५ आणि मग ४८५.५ डॉलर झाला. क्रिमियाच घेतल्यावर तळापायी सूट कशाला द्यायची?

आता आंदोलन. करार टाळल्यावर जमलेली सुरुवातीची गर्दी विरत चालली होती. ३० नोव्हेंबरच्या पहाटे बेर्कुत या दंगलविरोधी पोलिसांनी कीव्हच्या ‘मैदान’ चौकातल्या विद्यार्थ्यांना झोडपलं आणि दुसऱ्या दिवशी लाखो लोक उतरले. त्यांना बाहेर काढलं ते त्या लाठ्यांनी. ११ डिसेंबरच्या पहाटे पोलीस पुन्हा आले, तेव्हा मिखाइलिव्स्की मठाच्या घंटा वाजवून शहर जागं केलं गेलं. मग अडथळे नव्याने रचले: पोत्यात बर्फ ठासायचा, थर लावायचे, वरून पाणी ओतायचं. रात्रीच्या थंडीत त्याचा दगड होतो. पारा शून्यावर चढला की भिंत पाझरते आणि बसते, मग पुन्हा फावडी घ्यायची. १६ जानेवारीच्या कायद्यांनी सभेत हेल्मेट घालणंही गुन्हा ठरवलं, आणि मामला हाताबाहेर गेला.

अमेरिका धुतल्या तांदळाची नव्हतीच. नव्या सरकारात कोण हवं, कोण नको, हे नुलँड आणि अमेरिकेचे राजदूत बोलतानाची फोनफीत फेब्रुवारीत फुटली. २२ फेब्रुवारीला संसदेने यानुकोविचना ३२८ मतांनी हटवलं. महाभियोगाला ३३८ लागतात, आणि ती प्रक्रिया झालीच नाही. ते आधीच पळाले होते, तरी कायद्याची बाजू लंगडी ती लंगडीच. दुसऱ्याच दिवशी रशियनसारख्या प्रादेशिक भाषांना दर्जा देणारा कायदा रद्द करायचं मतदान, हा तर शुद्ध गाढवपणा. त्यावर सही झाली नाही, पण पूर्वेत जायचा तो संदेश गेला.

राहिला ‘देश मुळातच दुभंगलेला होता’ हा लाडका नकाशा. तो २०१० च्या निवडणुकीचा आहे: यानुकोविच ४८.९५ टक्के, त्यांच्या प्रतिस्पर्धी तिमोशेन्को ४५.४७. मतदान पूर्व-पश्चिम फाटलं होतं, हे खरंच. पण १ डिसेंबर १९९१ चं स्वातंत्र्याचं सार्वमतही बघा: दोनेत्स्कमध्ये ८० टक्क्यांहून जास्त होकार, क्रिमियातही ५४. हा नकाशा कोणी फॉरवर्ड करत नाही.